पहिलं पाणी भिंतीवर

तांडेलकाका कुणाच्याही घरी गेले, की आधी माणसांकडे बघत नसत. उंबऱ्यातच थांबून ते छताकडे बघत, मग विजेच्या मीटरकडे, मग मागच्या दाराकडे. मागच्या दारासमोर कपाट लावलेलं दिसलं, की यजमानांकडे वळून म्हणत, "अभिनंदन. मरायची सोय उत्तम केलीय." प्रसंग साखरपुड्याचा असो की बारशाचा, त्यांना फरक पडत नसे. एका घरी सत्यनारायणाला गेले, तेव्हा तीर्थ घ्यायच्या आधी त्यांनी चौरंगावरची झालर समईपासून किती बोटं लांब आहे ते मोजलं. "चार बोटं," ते गुरुजींना म्हणाले. "तुमचं उपरणं सुती हाय का नायलॉनचं?" त्या घरानं त्यांना पुन्हा कधी बोलावलं नाही. त्यांचं त्यावाचून काही अडलंही नाही.

ते अग्निशमन दलात होते. तांडेल हे तिथलं पद. पाच-सहा जवानांचा पुढारी, नळी घेऊन सगळ्यांच्या आधी आत घुसणारा माणूस. त्यांचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर असे. बिबवेवाडीतच त्यांचा जन्म झालेला, ती खरोखरची वाडी होती तेव्हापासूनचे ते रहिवासी. भावकीनं शेतं सोसायट्यांना विकली आणि बंगले बांधले. काकांनी आपल्या वाट्याच्या तीन खोल्या आणि नोकरी सोडली नाही. भावकीबद्दल विचारलं तर एवढंच म्हणत, "जमीन विकून गाड्या घेतल्या. आता गाडी लावायला जमीन शोधत्यात."

आमचं घर त्यांच्या शेजारी. मध्ये तीन फुटांचा बोळ. माझे वडील, अण्णा, मूळचे यवतमाळकडचे. तरुणपणी पुण्यात आले, गाद्या शिवायला शिकले आणि पुढे सोफे बनवायला लागले. नव्वदच्या दशकातली ती वर्षं अशी होती की पुण्यात ज्याला त्याला सोफा हवा होता. घरोघरी केबल आली होती आणि सतरंजीवर बसून परदेशी मालिका बघणं लोकांना कमीपणाचं वाटायला लागलं होतं. आमच्या तळमजल्यावर फोमच्या लाद्या छताला टेकलेल्या, कोपऱ्यात रेक्झिनचे तागे आणि चिकटवायच्या सोल्युशनचे डबे. वरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो. पश्चिमेला मोकळा प्लॉट. पूर्वेला बोळ, मग काकांचं घर आणि त्याला चिकटून सामाईक भिंतींची नऊ घरं, सगळ्यांना पत्रे आणि लाकडी माळे.

काका येता-जाता आमच्या दारात थांबत. "अण्णा, दुकान हाय का चिता रचलीय?"

अण्णाही काही कमी नव्हते. "तांडेल, तुमच्या बंबाला काम नको का?" माघारी ते काकांना सरकारी पाणक्या म्हणत.

"त्या पंख्याची वायर बघा. तिला किती पट्ट्या गुंडाळल्यात? जखमी सैनिक हाय का ती?"

"तुम्हाला वारा लागत नाही ना त्याचा? मग झालं."

हे अकरा वर्षं चाललं. मला ते गृहस्थ मनापासून आवडत नसत. मी नुकतीच इंजिनिअर झाले होते, आमच्या घराण्यातली पहिली, आणि त्याचा मला भरपूर माज होता. एका कॉम्प्युटर कंपनीचं नेमणुकीचं पत्र वरच्या लोखंडी कपाटात होतं. काकांना मी ते दाखवलं तेव्हा त्यांनी वाचायच्या आधी विचारलं, "कितवा मजला?" मी म्हटलं, तिसरा. "जिने किती?" मला माहीत नव्हतं. "मग इंजिनिअर कशाला झालीस?" म्हणून त्यांनी पत्र परत दिलं.

मे महिन्यातली दुपार होती. मी कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथवरून मैत्रिणीला फोन करून परत येत होते, आणि आमच्या दारातून काळाकुट्ट धूर लोळत बाहेर येताना दिसला. पंख्याच्या वायरीनं पेट घेतला होता. अण्णा आणि त्यांचा कारागीर रस्त्यात वाकून खोकत होते. पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा आणि बनियन, अशा अवतारात काका घराबाहेर आले. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. आग कशी लागली, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "वर कोण हाय?"

आई वर झोपली होती.

नळाखाली पंचा भिजवून त्यांनी तोंडाला गुंडाळला आणि मागच्या बाहेरच्या जिन्यानं वर गेले. मिनिटभरात आईला दंडाला धरून खाली घेऊन आले. ती "कपाट, कपाट" म्हणून रडत होती आणि तिच्या मुठीत किल्ली होती. "किल्ली ठेवा वहिनी," ते म्हणाले. "कपाटाचं मग बघू."

एवढं झाल्यावर मी समजले होते, की आता हा माणूस आमचं घर विझवणार. गल्लीतले पुरुष बादल्या घेऊन धावले आणि आमच्या दारात पाणी फेकायला लागले. काकांनी पहिल्याच्या हातातली बादली हिसकावली. "आगीला चहा पाजताय का? ही घेऊन पत्र्यावर चढा. ठिणगी पडली की तिच्यावर ओता." मग नऊ घरांकडे तोंड करून ते ओरडायला लागले. खिडक्या लावा. पडदे ओढून काढा, गाठी सोडत बसू नका. दोरीवरचे कपडे आत घ्या. सिलिंडर उचला, पार रस्त्यापलीकडं न्या. माळ्यावर ओली गोणपाटं टाका. बायका साड्या खोचून पत्र्यांवर चढल्या. आमच्या घराकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. वारा मोकळ्या प्लॉटवरून येत होता आणि ज्वाळा बोळावरून काकांच्या भिंतीकडे वाकत होत्या. मला त्या वाकलेल्या दिसत होत्या, पण त्याचा अर्थ लावण्याइतकं डोकं त्या वेळी नव्हतं.

बंब आला आणि गल्लीच्या तोंडाशी अडकला. तिथं एका नव्याकोऱ्या मोटारीनं आडवं अंग टाकलं होतं आणि तिचा मालक किल्ली शोधत होता. जवान तिथूनच नळी ओढत धावले. बंबातल्या पाण्यावर एकच नळी चालणार होती, दुसरी गाडी अजून वाटेत होती. सोबतचा अधिकारी तरुण होता. त्यानं काकांना ओळखलं आणि विचारलं, "तांडेल, कुठून घ्यायचं?"

काकांनी नळीचं तोंड स्वतःच्या हातात घेतलं, आमच्या घराकडे पाठ केली आणि पाण्याचा झोत स्वतःच्या भिंतीवर सोडला.

मी ते पाहिलं. त्यांच्या भिंतीचा रंग फुगून पोपडे धरत होता, खिडकीच्या चौकटीतून धूर निघत होता, हेही पाहिलं. पण मला दिसलं ते एवढंच, की आमचं घर ज्वाळांत आहे आणि हा माणूस आपली भिंत धुतोय. मी धावत जाऊन त्यांचं बनियन मागून धरलं आणि ओढलं. ते फाटलं.

"काका, आमचं घर जळतंय! तुमची भिंत कसली भिजवताय?"

"जळतंय न्हाई. जळालं," ते मागे न बघता म्हणाले. "आता जे जळालं न्हाई, त्याकडं बघू दे."

"वर माझ्या मार्कशीट्स आहेत! माझं पत्र आहे!"

"मार्कशीट दुसरी मिळती."

मी जिन्याकडे धावले. त्यांनी कोपरानं मला असं ढकललं, की मी खडीवर पडले आणि गुडघे फुटले. एका जवानानं मला धरून ठेवलं. मी तिथूनच त्यांना शिव्या देत होते. ज्या शिव्या मला येतात हे आईला ठाऊक नव्हतं, त्याही दिल्या. काका त्या जवानाला शांतपणे म्हणाले, "तिला भिंत दाखव. पाण्याची वाफ होतीय ना? म्हणजे भिंत अजून तापलेली हाय. पाणी पाण्यासारखं खाली वाहायला लागलं, की वळतो."

वाफ होत राहिली. आमचा वरचा मजला खाली आला तेव्हा कपाट पडल्याचा आवाज मला वेगळा ऐकू आला. त्यानंतर केव्हा तरी भिंतीवरचं पाणी ओघळायला लागलं, दुसरा बंब पोचला, आणि तेव्हाच काकांनी नळी आमच्याकडे वळवली. पहिलं पाणी आमच्या घरावर पडलं, तेव्हा तिथं घर उरलं नव्हतं.

नऊच्या नऊ घरं वाचली. त्यांतल्या लोकांनी आम्हाला त्या संध्याकाळी चहा दिला, पिठलं-भात दिला, चादरी दिल्या. आणि चादर देता देता प्रत्येकानं आवाज खाली आणून सांगितलं, "पाहिलंत ना? शेवटी स्वतःचं घर वाचवलं त्यानं." ज्यांच्या माळ्यावरची लोणच्याची बरणीसुद्धा तडकली नव्हती, ती ही माणसं. पत्र्यावर चढून ठिणग्या विझवणाऱ्या बाईनंही हेच सांगितलं. सहानुभूती दाखवायला त्यांना आणखी दुसरं काही सुचत नव्हतं, आणि आम्हाला तेच ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी काका आले आणि राखेपाशी उभे राहिले. अण्णा म्हणाले, "निघा." ते निघाले. त्यांनी एका शब्दानं खुलासा केला नाही. गल्लीत त्यांच्याबद्दल काय बोललं जातंय हे त्यांच्या कानावर जात होतंच, पण बहुधा गल्लीला खुलासा देणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. अण्णांनी मात्र पुढे भेटेल त्याला सांगितलं, की तांडेलनं अकरा वर्षांचा दावा साधला.

आम्ही शनिवार पेठेत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. अण्णा नारायण पेठेतल्या एका दुकानात दुसऱ्याच्या हाताखाली सोफ्याची कव्हरं शिवायला लागले. मला मार्कशीट्स दुसऱ्या मिळाल्या. नोकरीही मिळाली, मग दुसरी, मग तिसरी. शहराच्या पश्चिमेला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि मी त्यांतल्या एकीत सहाव्या मजल्यावर माणसांची एक टोळी सांभाळायला लागले.

आग लागून बारा वर्षं झाली, तेव्हा कंपनीनं अग्निसुरक्षेचं प्रशिक्षण ठेवलं. आधी भोंगा वाजवून इमारत रिकामी करायची, मग सभागृहात व्याख्यान. आमची मंडळी जिन्यानं उतरली ती कॉफीचे मग हातात घेऊन, फोनवर बोलत, एकमेकांचे फोटो काढत. खाली एक खाकी कपड्यांतला, पांढऱ्या केसांचा माणूस काचेतून दिसणाऱ्या जिन्याकडे आणि घड्याळाकडे आळीपाळीनं बघत उभा होता. मी त्यांना ओळखलं आणि खांबाआड झाले.

सभागृहात त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं, "अभिनंदन. एकूण एक मेलात." पोरं हसली. "तुम्ही," एका पोराकडे बोट करून ते म्हणाले, "चौथ्या मजल्यावरून परत वर गेला. कशाला?"

"सर, लॅपटॉप राहिला होता."

"लग्न झालंय?"

"हो."

"बायको वर राहिली असती तर गेला असता?"

पोरगं क्षणभर घुटमळलं आणि सगळे पुन्हा हसले. काका हसले नाहीत. प्रशिक्षण घडवून आणणारी मुलगी मागून हळूच म्हणाली, "सर, प्लीज थोडं पॉझिटिव्ह ठेवा ना." त्यांनी तिच्याकडे असं बघितलं, की तिनं पुढे तोंड उघडलं नाही.

मग त्यांनी फळ्यावर एक चौकोन काढला, त्याच्या शेजारी दुसरा, आणि पुढे एक लांबलचक ओळ. डावीकडून एक बाण. "हे घर पेटलंय. आत माणूस न्हाई, होता तो बाहेर काढलाय. आत फोम, सोल्युशन. वारा असा. शेजारी हे घर, त्याला चिकटून नऊ घरं, लाकडी माळे. पाणी एका नळीचं. पहिलं पाणी कुठं?"

"जळणाऱ्या घरावर," सगळे एका सुरात म्हणाले.

"का?"

"सर, ऑब्व्हियसली. तेच जळतंय."

"फोमची ती आग एका नळीला विझत न्हाई. तिथं मारलेलं पाणी वाया. तोवर शेजारची खिडकी फुटली, पडदा पेटला, की आग माळ्यात शिरणार आणि माळ्यामाळ्यानं नवव्या घरापर्यंत जाणार. म्हणून पहिलं पाणी ह्या भिंतीवर."

"पण पहिल्या घरावर धिस इज सो अनफेअर ना, सर," एक मुलगी म्हणाली.

"व्हय. आग फेअर असती तर बंब कशाला ठेवले असते?"

मी मागच्या रांगेत उभी राहिले. मी विचारलं, "शेजारचं घर कुणाचं होतं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आश्चर्य वगैरे काही दिसलं नाही. मला वाटतं, जिन्यावरच त्यांनी मला पाहिलं होतं.

"माझं," ते म्हणाले. "आणि पेटलेलं, ह्या बाईंच्या वडलांचं."

मी खाली बसले नाही.

"आणि ते घर तुमचं नसतं तर?"

"तर लोकांनी मला शहाणा म्हटलं असतं. पाणी मी तिथंच मारलं असतं."

कार्यक्रम संपल्यावर ते मला वाहनतळाच्या कडेला भेटले. कागदी पेल्यात चहा होता आणि तो ते नेहमीच्याच तुच्छतेनं पीत होते. बोलता बोलता त्यांना मध्येच धाप लागत होती. मी सुरुवात केली, "काका, आईला तुम्ही त्या दिवशी..."

"ती ड्युटी," त्यांनी मला तोडलं. मग समोरच्या गाड्यांच्या रांगांकडे बघत म्हणाले, "एक गोष्ट वर सांगितली न्हाई. अकरा वर्षं तो फोम मी रोज बघत होतो. एक कागद लिहून आमच्या ऑफिसात दिला असता, तर दोन दिवसांत माणूस येऊन माल हलवायला लावला असता. न्हाई दिला. शेजाऱ्याविरुद्ध कागद कसा द्यायचा? मग टोमणे मारले. टोमणा मारला की काम केल्यासारखं वाटतं, पोरी." पेला त्यांनी चुरगाळला. "अण्णांना आवडलो नसतो. पण तसाही कुठं आवडत होतो?"

बारा वर्षं मी ज्यांचा दुस्वास जपून ठेवला होता, त्यांनी त्याला पुरेसं कारण आता स्वतःहून दिलं होतं. आणि ते हातात आल्यावर मला त्याचं काही करावंसं वाटेना.

घरी येऊन मी अण्णांना सगळं सांगितलं. भिंत, वाफ, वारा, कागद. ते जेवत होते. घास खाली ठेवून म्हणाले, "वारा कुठला होता ते मला काय दिसत नव्हतं? मी रस्त्यातच उभा होतो."

"मग?"

"मग काय? वायर माझी होती. घर मी जाळलं, असं म्हणत आयुष्य काढायचं होतं का?"

आईनं त्यांच्याकडे बघितलं आणि न विचारता ताट उचलून नेलं. अण्णांनी हात धुतले नाहीत.

पुढच्या वर्षी काकांच्या छातीच्या दुखण्यानं उचल खाल्ली. आयुष्यभराचा धूर होता आत. त्यांना घरी ऑक्सिजन लावल्याचं कळलं, तेव्हा अण्णा स्वतःहून म्हणाले, "चल." काका खाटेवर उशांना टेकून बसले होते. अण्णा दारात थांबले.

"आलात?" काका नळी बाजूला करून म्हणाले. "आमच्या बंबाला कधी इतका वेळ लागला न्हाई."

"जाऊ का परत?" अण्णा म्हणाले.

"आता आलाय तर बसा."

अण्णा बसले. मला वाटलं होतं, दोघं काही बोलतील. ते बोलले, पण शेजारच्या नव्या इमारतीबद्दल. तिचा बाहेरचा जिना तिथल्या लोकांनी जाळी लावून बंद केला होता आणि आत जुनं सामान भरलं होतं. काका त्या लोकांना जे काही म्हणाले ते इथं लिहिता येणार नाही. अण्णा म्हणाले, "कागद लिहायचा का?" घरात दुसरा कागद नव्हता म्हणून माझ्या वहीचं पान फाडलं. काकांनी धापा टाकत सांगितलं, अण्णांनी लिहिलं, दोघांनी सह्या केल्या, आणि मी तो अग्निशमन दलाच्या ऑफिसात नेऊन दिला. महिनाभरात जाळी निघाली. तोवर अण्णा दर रविवारी बिबवेवाडीला जायला लागले होते. काका त्यानंतर चार महिने जगले.

दहाव्याला काकांच्या घरी गल्ली जमली. नऊ घरांपैकी चार आता इमारती झाल्या होत्या, पण माणसं बरीचशी तीच होती. कुणी तरी म्हणालं, माणूस कडक, पण सरळ. दुसऱ्यानं मान डोलावली. आणि मग तिसऱ्या घरातले एक गृहस्थ, ज्यांच्या पत्र्यावर त्या दुपारी सगळ्यात जास्त ठिणग्या पडल्या होत्या, हळहळत म्हणाले, "सगळं खरं. फक्त त्या दिवशी तेवढं स्वतःच्या घराचं बघितलं त्यांनी. आता गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं म्हणा."

अण्णा सतरंजीवरून उठले. त्यांना उठायला हाताचा आधार लागतो, पण तो त्यांनी घेतला नाही.

"घर माझं जळालं होतं," ते म्हणाले. "तेव्हा मी सांगतो. पाणी त्यानं बरोबर ठिकाणी मारलं. ती भिंत पेटली असती तर तुम्ही आज इथं सतरंजीवर बसला नसता. तुम्हाला हे तेव्हाही कळत होतं. पत्र्यावर बादली घेऊन तुम्हीच उभे होता."

काकू, तांडेलकाकांच्या पत्नी, आतल्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. ते गृहस्थ चिडून म्हणाले, "अहो, मग एवढी वर्षं तुम्हीच तर सगळीकडे उलट सांगत होता. तेव्हा का नाही बोललात?"

"तेव्हा मी तुमच्यातलाच होतो," अण्णा म्हणाले, आणि चपला घालायला बाहेर गेले.